न आलेल्यांची यादी

गोव्यातल्या कारापूरच्या तिस्कावर राहणाऱ्या माणसाला बीपी मोजून घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. साखळी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे सरकारी आरोग्य केंद्र आहे, खाजगी दवाखाने आहेत, औषधांची दुकाने आहेत. दुसऱ्या बाजूला डिचोलीचे सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठे काही निघालेच तर म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि शेवटी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. आरोग्यसेवेच्या बाबतीत डिचोली तालुक्याला दुर्गम कोणी म्हणणार नाही. बीपीची गोळीही महाग नाही. अ‍ॅम्लोडिपिनची आठवड्याची जेनेरिक मात्रा एका चहाच्या पैशांत येते, आणि सरकारी केंद्रात तेवढेही पैसे पडत नाहीत. डॉक्टर जवळ, औषध स्वस्त आणि आजार ओळखायला दोन मिनिटे पुरेशी, असे असताना ‘प्रेशर’ ताब्यात का येत नाही? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असते की लोक निष्काळजी आहेत. हे उत्तर सोयीचे आहे, पण उपलब्ध पुरावा ते फारसे टिकू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावरचा आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना हा विकार आहे. त्यांतल्या शंभरांपैकी फक्त ३७ जणांना तो असल्याचे माहीत आहे, ३० जण औषध घेतात आणि १५ जणांचाच रक्तदाब ताब्यात, म्हणजे १४०/९० च्या खाली आहे. हे आकडे बहुधा जनजागृतीच्या भाषणात वापरले जातात आणि भर असतो त्या ६३ लोकांवर, ज्यांना काही ठाऊकच नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला हवेच. पण माझ्या मते जास्त बोलका आकडा शेवटचा आहे. औषध चालू असलेल्या ३० जणांपैकी १५ जणांचे बीपी तरीही चढेच आहे. या पंधरा जणांना शोधायला शिबिर नको, रथ नको, भिंतीवर पोस्टर नको. ते दवाखान्यात येऊन गेलेले आहेत. त्यांचा केसपेपर निघालेला आहे, त्यांच्या हातात चिठ्ठी आहे. हे अपयश दवाखान्याच्या उंबरठ्याच्या आत घडते, म्हणून ते सुधारणे सगळ्यांत सोपे असायला हवे.

गोव्यासाठी हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, देशात ते साडेआठच्या आसपास होते. त्यानंतर २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले आणि मधुमेहात गोवा सर्व राज्यांत पहिला निघाला : २६.४ टक्के. वाढते वय, मधुमेह आणि रक्तदाब हे तिघे एकाच घरात नांदू लागले की पहिली झळ मूत्रपिंडांना, हृदयाला आणि मेंदूला लागते. उलट बाजूही तितकीच ठोस आहे. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये सव्वाशेच्या आसपास औषध-चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. वरचा आकडा दहाने उतरवला तर पक्षाघात २७ टक्क्यांनी, हृदय निकामी होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले. दहा अंक म्हणजे काही मोठी मजल नव्हे. बहुतेकदा एक गोळी वाढवली किंवा आहे ती रोज घेतली की तेवढे अंतर कापले जाते.

मग ती गोळी वाढत का नाही? दवाखान्यातला नेहमीचा संवाद आठवून पाहावा. मशीन १५४/९६ दाखवते. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, आज बसमधनं उतरून तडक चालत आलो’, किंवा ‘रात्री झोपच लागली नाही’. बाहेर चाळीस माणसे ताटकळलेली असतात. डॉक्टर म्हणतात, ‘आज जरा जास्त दिसतंय, मीठ कमी करा, तीच गोळी चालू ठेवा, महिन्यानं या.’ महिन्याने १५२ असते आणि कारण वेगळे असते. यात कोणी खोटे बोलत नाही, कोणी कामचुकारही नाही. दोघांनाही आजचा दिवस सोपा करायचा असतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ८०० रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक रक्तदाबासाठी वर्षाला सरासरी सहाहून जास्त वेळा डॉक्टरांकडे जात होते. तरीही त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांचा रक्तदाब १६०/९० किंवा त्याहून वर राहिला, आणि औषध वाढवले गेले ते शंभरांतल्या जेमतेम सात भेटींत. हे रुग्ण निष्काळजी नव्हते, वर्षातून सहा-सहा वेळा येत होते. त्यांच्या समोर मोजलेल्या आकड्यावर काय करायचे, हे मात्र आधी ठरलेले नव्हते. जे आधी ठरलेले नसते ते गर्दीच्या ओपीडीत पुढच्या महिन्यावर जाते.

ते आधी ठरवून टाकले तर काय होते, याचे उत्तर शोधायला कारापूरहून अमेरिकेला जायची गरज नाही. डिचोलीला लागून दोडामार्ग तालुका आहे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे घेतले होते. त्यांत महाराष्ट्रातले चार होते : सातारा, वर्धा, भंडारा आणि सिंधुदुर्ग. केंद्र सरकार, राज्य सरकारे, आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केलेल्या या कामात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. पाच साध्या गोष्टी होत्या. राज्यागणिक एकच ठरलेला उपचारक्रम : पहिली गोळी कोणती, महिन्याने आकडा उतरला नाही तर दुसरी कोणती, त्यानंतर तिसरी कोणती. त्या मोजक्या गोळ्यांचा खंड न पडणारा साठा. मोजणे, समजावणे, नोंद करणे ही कामे नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांत वाटून देणे. रुग्णाला एका वेळी निदान महिन्याची औषधे, तीही घराजवळच्या केंद्रात. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, कुठे कागदी कार्डावर तर कुठे मोबाइलवरच्या ‘सिंपल’ नावाच्या अ‍ॅपमध्ये. चार राज्यांतल्या २४ केंद्रांत नोंदलेल्या सुमारे २१,९०० रुग्णांपैकी जे पुढच्या भेटीला परत आले, त्यांतल्या २६ टक्क्यांचा रक्तदाब नोंदणीच्या वेळी ताब्यात होता. पुढच्या भेटींमध्ये हे प्रमाण जवळजवळ ६० टक्क्यांवर गेले. पंजाब, मध्य प्रदेश, केरळ आणि महाराष्ट्र ही राज्ये एकमेकांसारखी नाहीत, पण आकडा चारही ठिकाणी सुधारला. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, आणि तोवर तो शंभराहून जास्त जिल्ह्यांत पोचला होता. दोडामार्ग-बांद्याकडचे रुग्ण जिवावर बेतले की बांबोळीला येतात, हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. रुग्णांच्या गाड्या इकडे येत असताना उलट दिशेने शिकण्यासारखेही काही आहे, याचा उल्लेख कमी होतो.

या पाच गोष्टींपैकी चार अशा आहेत की कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला विचारल्या तर तो म्हणेल, आमच्याकडे हे थोडेफार आहेच. गोळ्या आहेत, नर्स आहे, डॉक्टरांना उपचारक्रम माहीत आहे, राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पोर्टलवर तीस वर्षांपुढच्यांची तपासणीही भरली जाते. ते खरेच असेल. पण सगळा फरक पाचव्या गोष्टीत आहे. नोंद करणे आणि नोंद वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. आलेल्यांची नोंद तर प्रत्येक दवाखाना ठेवतो. ज्याची तारीख उलटून गेली तो आज आला नाही, ही नोंद आपोआप होत नाही. ओपीडीचा कागद हजर माणसाचा असतो, गैरहजर माणूस त्यावर दिसत नाही. आणि रक्तदाबात गैरहजर माणूसच मरणाच्या जास्त जवळ असतो.

गैरहजेरीची यादी ठेवायला आपल्याला येत नाही, असे मात्र नाही. कारापुरातले बाळ दीड महिन्याच्या लसीला आले नाही तर ते उपकेंद्राच्या वहीत लगेच दिसते आणि नर्स घरी विचारायला जाते. क्षयरोगाच्या रुग्णाने औषध सोडले तर त्याचा शोध घेतला जातो. इतकेच काय, गोव्यात कुत्र्यांना रेबिजची लस देणारी पथके गल्लीगल्लीतल्या कुत्र्यांची नोंद मोबाइलवर ठेवत फिरली, कोणता वाडा राहिला ते नकाशावर पाहून परत गेली, आणि २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबिज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. सकाळचा पोदेरसुद्धा जाणतो की कोणत्या घराने आज पाव घेतले नाहीत. बीपीवाल्याला ही वागणूक मिळत नाही, कारण त्याचा आजार आपण त्याचा खाजगी मामला मानतो. लस चुकली तर सरकारचे काम चुकले, गोळी चुकली तर माणूस चुकला, अशी आपली वाटणी झाली आहे.

माणसे गोळ्या सोडतात हे नाकारण्यात अर्थ नाही. सुरू केलेली बीपीची औषधे वर्षभरात जवळपास निम्मे लोक सोडतात, आणि हे श्रीमंत देशांतही दिसले आहे. पण ती का सोडतात हे ऐकून घेतले तर त्यात बेपर्वाईपेक्षा एक प्रकारचा हिशेब दिसतो. ‘प्रेशर नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?’ हा तापाचा तर्क आहे. ताप उतरला की गोळी बंद करायची, हे आपणच शिकवले. इथे आकडा उतरलेला असतो तो गोळीमुळेच, हे कुणीतरी एकदा नव्हे तर दहादा सांगायला हवे असते. दुसरा तर्क असा की एकदा सुरू झाली की सवय लागते. बीपीच्या गोळीची व्यसनासारखी सवय लागत नाही. आजार आयुष्यभराचा असतो म्हणून औषध लांबते. तिसरे कारण खरेच शरीरातले : अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, पाण्याच्या गोळीने लघवीला सारखे जावे लागते. असा माणूस डॉक्टरकडे तक्रार करायला जात नाही, गुपचूप गोळी थांबवतो आणि पुढच्या वेळी ‘घेतो’ म्हणून सांगतो. त्याला दोष देऊन काही साधत नाही, गोळी बदलून साधते. पण त्यासाठी तो परत यायला हवा, म्हणजे पुन्हा त्या यादीशी आलो.

ठरलेल्या उपचारक्रमावर डॉक्टरांचा आक्षेप असतो, आणि तो हलका नाही. प्रत्येक रुग्ण वेगळा, मग सर्वांना एकच साचा कसा? गरोदर बाई, मूत्रपिंडाचा विकार जडलेला माणूस, ऐंशीची आजी यांना वेगळे पाहावेच लागते. टेल्मिसार्टनसारखे औषध गरोदरपणात चालत नाही. पण उपचारक्रम अशा रुग्णांसाठी लिहिलेलाच नसतो. तो असतो उरलेल्या बहुसंख्यांसाठी, ज्यांचे वेगळेपण औषध निवडण्यापुरते महत्त्वाचे नसते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने हेच केले. सर्व बीपी रुग्णांची एक यादी, सोपा उपचारक्रम, पुढे दोन औषधे एकाच गोळीत, आणि मशीनवर बीपी दाखवायला सहायकाकडे विनाशुल्क भेट. २००१ मध्ये तिथे ४३.६ टक्के रुग्णांचे बीपी ताब्यात होते, २००९ मध्ये ८०.४ टक्के. ती श्रीमंत संस्था होती, हे खरे. पण फरक पडला तो पैशाने नव्हे, कारण २००१ मध्येही ती श्रीमंतच होती. नेहमीचे शंभर रुग्ण उपचारक्रमाने हाताळले गेले की अवघड पाच जणांसाठी डॉक्टरांना वेळ मिळतो. साच्याला विरोध करताना हा फायदा बहुधा नजरेआड होतो.

गोव्यापुढे मात्र एक अडचण आहे जी सिंधुदुर्गापुढे नव्हती. देशभर गावोगावी पोचलेली आशा ताई गोव्यात नाही; गोव्याने ती योजना घेतलीच नाही. मग घरी कोण जाणार? उपकेंद्राची नर्स, पुरुष आरोग्यसेवक आणि अंगणवाडी सेविका, यांच्या अंगावर आधीच कामाचे ओझे आहे. नुसते आणखी एक रजिस्टर त्यांच्या हातात ठेवले तर ते खोट्या आकड्यांनी भरेल, ही भीती रास्त आहे. यावर गोव्यातच झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो, जरी तो बीपीचा नव्हता. संगत या संस्थेने नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी गोव्यातल्या १२ सरकारी प्राथमिक केंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत ‘मानस’ नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून समुपदेशक म्हणून नेमले होते. रुग्णाचा पाठपुरावा करणे, आला नाही तर संपर्क साधणे हेही त्यांचे काम होते. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचारात ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तिथे नेहमीच्या उपचारातच सुमारे ६५ टक्के बरे होत होते. या दोन आकड्यांत बरेच काही आहे. ओळखीचा फॅमिली डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याच्या बायकोला विचारतो, ‘हल्ली येत नाही तो?’ त्याची यादी डोक्यात असते. सरकारी केंद्रात डॉक्टर बदलत राहतो, म्हणून तिथे डोक्यातली यादी वहीत उतरवावी लागते आणि तिच्यासाठी एक माणूस नेमावा लागतो.

असा माणूस बीपीसाठीही चालतो, याचे पुरावे बाहेर भरपूर आहेत. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत सरकारी आरोग्यसेवकांनी घरी जाऊन बीपी मोजले, समजावले, गरज पडली तर दवाखान्यात पाठवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनी त्यांच्याकडच्या रुग्णांचा वरचा आकडा इतरांपेक्षा पाचने जास्त उतरलेला होता. चीनमध्ये ३२६ खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत गावातल्या, पूर्ण पदवी नसलेल्या वैद्यकसेवकांना उपचारक्रमानुसार औषध देण्याची मुभा दिली, वर डॉक्टरांची देखरेख ठेवली. दीड वर्षाने त्यांच्या ५७ टक्के रुग्णांचे बीपी १३०/८० च्या खाली होते, इतर गावांत २० टक्के. गोव्यात नर्सने स्वतः गोळी वाढवावी असे मी म्हणत नाही. आकडा मोजून, ठरलेल्या पायरीवर बोट ठेवून ती डॉक्टरांना फोनवर विचारू शकते, हे मात्र चालण्यासारखे आहे. हृदयविकाराच्या झटक्यात गोव्यातली छोटी इस्पितळे ईसीजी बांबोळीला पाठवून सल्ला घेतातच. झटका आल्यावर जी तत्परता दाखवता येते, तिचा थोडा भाग झटक्याच्या दहा वर्षे आधी वापरायला हरकत नसावी.

मिठाबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय गोव्यात बीपीची चर्चा पुरी होत नाही. पेडण्यात आगरवाड्याला मिठागरे आहेत, आणि पावसाळ्यासाठी प्रत्येक घरात सुके मासे, मिठात मुरवलेले आंबे, लोणचे भरून ठेवलेले असते. पेजेसोबत त्यातले काहीतरी हवेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम मिठाची आहे आणि सरासरी भारतीय त्याच्या बराच पुढे आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र ते विचारल्याशिवाय वापरू नये. मीठ कमी करणे योग्यच. माझा आक्षेप आहे तो ‘मीठ कमी करा’ हे वाक्य गोळी वाढवण्याऐवजी वापरण्याला. १६० चा आकडा असलेल्या माणसाला सुकी सुंगटे सोडायला सांगून घरी पाठवणे म्हणजे आपले काम त्याच्या स्वयंपाकघरावर ढकलणे.

आकडे खोटे भरले जाण्याची भीती मघाशी मान्य केली. तिच्यावर उपाय थोडा तांत्रिक आहे, पण सांगण्याजोगा आहे. हाताने दाबायच्या जुन्या यंत्रावर नोंदी १३०/८०, १४०/९० अशा गोल आकड्यांत येतात. कान आणि डोळे शून्याकडे झुकतात. स्वयंचलित डिजिटल यंत्र १३७ असेल तर १३७ दाखवते. पाच मिनिटे बसवून, पाठ टेकवून, दंड उघडा ठेवून, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणे बंद करून मोजले तर ‘बसमधनं उतरून आलो’ ही सबबही निकालात निघते. शिवाय दर तीन महिन्यांनी विचारायचा प्रश्न बदलावा. ‘किती जणांची तपासणी केली?’ याचे उत्तर शिबिर भरवून फुगवता येते. ‘सहा महिन्यांपूर्वी नोंदलेल्या लोकांपैकी आज कितीजण १४०/९० च्या खाली आहेत, कितीजण वर आहेत आणि कितीजण आलेच नाहीत?’ याचे उत्तर शंभराच्या हिशेबात द्यावे लागते. तिथे न आलेला माणूस अपयशाच्या रकान्यात पडतो, त्याला वगळून टक्केवारी सजवता येत नाही.

पैशाचा हिशेबही याच बाजूने बोलतो. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांचे संरक्षण आहे. ही योजना चांगली आहे, आणि अडलेल्या कुटुंबाला तिचा आधारही मोठा आहे. पण ती सुरू होते माणूस खाटेवर आडवा झाल्यावर. डिचोली तालुक्याने खाणी बंद पडल्या तेव्हा २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये पाहिले आहे की घरातला कमावता हात थांबला की बाकी सगळे कसे थांबते. पक्षाघात तेच करतो, फक्त एका घरापुरते. त्याच्या आधीच्या दहा वर्षांचा खर्च म्हणजे गोळ्या, एक डिजिटल यंत्र, एक फोन आणि त्या फोनसाठी आठवड्यातली एक दुपार मोकळी असलेला कर्मचारी.

त्या दुपारी नेमके काय करायचे तेही अवघड नाही. तारीख उलटून गेलेल्यांची नावे काढायची. फोन लागला तर रागावण्याऐवजी विचारायचे की गोळी संपली का, पाय सुजतात का, की दुसऱ्या डॉक्टरकडे जाता. दुसरीकडे जात असतील तर तिथला आकडा वहीत लिहून घ्यायचा. साखळीच्या खाजगी डॉक्टरांकडे ताब्यात असलेले बीपीही कारापूरचेच बीपी आहे. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात येणाऱ्यांना एकाऐवजी दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, कारण त्या दिवसांत आणि पावसात माणूस केंद्राकडे फिरकणार नाही, हे आधीच माहीत असते. फोन लागला नाही तर ते नाव त्या वाड्यावर जाणाऱ्या सेवकाच्या चिठ्ठीवर, लस चुकलेल्या बाळांच्या नावांखाली, लिहायचे.